पाणी प्यालेली सुरी

आरंभीच एक कबुली देऊन टाकतो. गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. ‘कठीणपणा आणि चिवटपणा यांतील फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न मी जवळजवळ दरवर्षी विचारतो आणि दोन्ही शब्दांचा अर्थ एकच समजणाऱ्या विद्यार्थ्याचे दोन गुण न चुकता कापतो. गेल्या वर्षी मात्र हा फरक मी स्वतःच विसरलो. तोही परीक्षेत नव्हे, घरच्या स्वयंपाकघरात!

झाले असे की, जपानमध्ये ओसाका येथे नोकरी करणारा माझा एक जुना विद्यार्थी सुट्टीत भेटायला आला. येताना त्याने शेजारच्या साकाई शहरात हाताने घडवलेली एक सुरी आणली. आयताकृती पात्याची ही सुरी भाजी चिरण्यासाठी असते. जपानी भाषेत तिला ‘नाकिरी’ म्हणतात. पिकल्या टोमॅटोवर ती नुसती टेकवून किंचित ओढली, की आपली आपण आत उतरायची. चार दिवस घरात तिचेच कौतुक चालले होते. पाचव्या दिवशी करवंटीतून खोबरे सुटेना, म्हणून मी त्याच सुरीचा कोपरा आत घातला आणि जोर लावून पिळला. ‘कट्’ असा बारीक आवाज झाला. पाहतो तो धारेचा अर्ध्या तांदळाएवढा टवका उडालेला! आई म्हणाली, “अरे, सुरी चांगली म्हणून तिची पहार करायची का?”

आमच्या जुन्या लोखंडी विळीने याहून कितीतरी वाईट वागणूक सोसली आहे. तिची धार बोथट होते, क्वचित वळते. पण तिचा टवका कधी उडाला नाही. मग एवढी नावाजलेली सुरी एवढ्याशा कारणाने का फुटावी? या प्रश्नाचे उत्तर पोलादाच्या पोटात, अणूंच्या मांडणीत दडलेले आहे. चला, ते शोधू या.

धार म्हणजे काय?

दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल, हे तुम्हांला ठाऊक आहेच. आता एक सोपे गणित करू. समजा, आपण सुरीवर १० न्यूटन बल लावले, म्हणजे साधारण एक किलोग्रॅम वजन ठेवावे इतके. धारेची ५ सेंटिमीटर लांबी भाजीला टेकली आहे आणि धारेची जाडी १ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा हजारावा भाग आहे. टेकलेले क्षेत्रफळ झाले एका चौरस मीटरचा दोन कोटींवा भाग. भागाकार करून पाहा. दाब येतो २० कोटी पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २,००० पट! हीच धार बोथट होऊन २० मायक्रोमीटर जाड झाली, तर तेवढ्याच बलाने दाब फक्त १०० पट उरतो. मग आपण जोर वाढवतो, भाजी चिरण्याऐवजी चेंगरते, आणि सुरी निसटून बोट कापते. बोथट सुरी धारदार सुरीपेक्षा अधिक धोक्याची, असे म्हणतात ते यासाठीच.

कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येते, त्याचाही या दाबाशी संबंध आहे. कांद्याच्या पेशी फुटल्या की त्यांतील निरनिराळी रसायने एकत्र येतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. तो तयार करणारे खास विकर जपानी संशोधकांनी २००२ मध्ये शोधून काढले. बोथट सुरी पेशी जास्त चेंगरते, म्हणून ती जास्त रडवते.

दुसरी गोष्ट पाहा. सुरी सरळ खाली दाबण्यापेक्षा ओढत ओढत चालवली, तर कापणे सोपे जाते. घाटातला रस्ता आठवा. डोंगर तोच असतो, पण रस्ता वळणे घेत तिरका जातो आणि चढ सौम्य होतो. सुरी १ सेंटिमीटर खाली जाताना ३ सेंटिमीटर पुढे ओढली, तर ३० अंशांच्या पाचरीसारखी तिची धार भाजीला जेमतेम १० अंशांच्या पाचरीसारखी वाटते. कच्च्या माशाचे पातळ काप करण्यासाठी जपानी स्वयंपाकी ‘यानागिबा’ नावाची लांबलचक सुरी वापरतात आणि एकाच लांब ओढीत काप काढतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. नावाचा अर्थ आहे ‘विलोच्या पानासारखे पाते’.

तेव्हा धार पातळ हवी आणि पाचरीचा कोन लहान हवा. पण मऊ धातूची धार फार पातळ केली, तर ती पहिल्याच घावाला वळते. पातळ धार उभी राहायची असेल, तर धातू कठीणच पाहिजे. इथून आपली खरी गोष्ट सुरू होते.

शंभरात एक भाग

शुद्ध लोखंड फारसे कठीण नसते. त्यात थोडा कार्बन मिसळला की पोलाद होते. हाताने घडवलेल्या जपानी सुऱ्यांचे बरेचसे पोलाद शिमाने प्रांतातील यासुगी या गावी तयार होते. तिथल्या कारखान्यात निरनिराळ्या पोलादांना निरनिराळ्या रंगांचे कागद लावत, त्यावरून त्यांची नावेच पडली. ‘शिरोगामी’ म्हणजे पांढरा कागद आणि ‘आओगामी’ म्हणजे निळा कागद. पांढऱ्या कागदाचे पोलाद म्हणजे लोखंड, कार्बन आणि अगदी अल्प प्रमाणात मँगनीज व सिलिकॉन. त्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या प्रकारात कार्बन असतो १.०५ ते १.१५ टक्के. निळ्या कागदाच्या पोलादात याशिवाय थोडे क्रोमियम आणि टंगस्टन मिसळलेले असते.

म्हणजे शंभर भागांत कार्बनचा जेमतेम एक भाग. पिठात मीठ घालावे तेवढा! एवढासा कार्बन एवढा फरक कसा करतो?

एस. टी. तील गर्दी

लोखंडाच्या स्फटिकात अणू शिस्तीत बसलेले असतात. नेहमीच्या तापमानाला घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक आणि बरोबर मध्यभागी एक, अशी त्यांची मांडणी असते. शुद्ध लोखंड ९१२ अंश सेल्सिअसच्या वर तापवले की ही मांडणी बदलते. आता आठ कोपऱ्यांवर एकेक आणि सहाही पृष्ठांच्या मध्यावर एकेक अणू येतो. कार्बन मिसळलेला असेल, तर हा बदल आणखी खालच्या तापमानाला, ७२७ अंशांपासूनच सुरू होतो.

गंमत अशी की, पहिल्या मांडणीत अणूंनी ६८ टक्के जागा व्यापलेली असते आणि दुसरीत ७४ टक्के. दुसरीत दाटी जास्त. तरीही कार्बनचे अणू तिच्यातच जास्त मावतात! कारण पहिल्या मांडणीत रिकामी जागा ठिकठिकाणी थोडी थोडी विखुरलेली असते. दुसरीत ती एकत्र येऊन मोजक्याच, पण मोठ्या पोकळ्या तयार होतात. म्हणून पहिल्या मांडणीत कार्बन फार तर ०.०२ टक्के विरघळतो, तर दुसरीत सुमारे २ टक्क्यांपर्यंत.

आता तापलेले पोलाद सावकाश थंड होऊ दिले, तर काय होईल? लोखंडाचे अणू जुन्या मांडणीकडे परततील. कार्बनला तिथे जागा नाही, म्हणून तो बाहेर पडेल आणि लोखंडाशी संयोग पावून ‘सिमेंटाइट’चे पातळ थर तयार करील. हे म्हणजे थांब्यावर एस. टी. नीट उभी राहावी आणि उतारूंनी रांगेने उतरावे तसे झाले. असे पोलाद बरेच मऊ असते.

पण तेच लालभडक पोलाद पाण्यात एकदम बुडवले तर? थांबा येतो, पण उतारूंना उतरायला सवडच मिळत नाही. दार बंद! लोखंडाचे अणू आपली मांडणी बदलू पाहतात, पण कार्बनचे अणू आतच अडकलेले असतात. त्यामुळे घन एका दिशेने ताणला जातो. या ताणलेल्या रचनेला ‘मार्टेन्साइट’ म्हणतात. आडोल्फ मार्टेन्स (१८५० ते १९१४) या जर्मन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली पोलादाचा अभ्यास केला. त्याच्या सन्मानार्थ हे नाव दिले गेले.

मार्टेन्साइट कठीण का? पत्त्यांचा जोड हातात घ्या आणि वरून ढकला. पत्ते एकमेकांवरून सहज सरकतात. धातू वाकतो तेव्हा त्यातील अणूंचे थर असेच सरकत असतात. आता पत्त्यांमध्ये वाळूचे कण टाका. पत्ते अडतील. अडकलेला कार्बन आणि त्याने ताणलेले घन हीच ती वाळू. थर सरकत नाहीत, म्हणून धार वळत नाही.

पण इथेच मेख आहे. थर सरकणे ही धातूची ताण सोसण्याची रीत असते. ती रीतच आपण बंद केली. मग ताण फार वाढला की त्याच्यापुढे एकच वाट उरते, ती म्हणजे तडा जाण्याची. विळीचे मऊ पाते करवंटीत पिळले गेले असते, तर थोडे वाकले असते. माझ्या सुरीला वाकणेच ठाऊक नव्हते.

आपल्या भाषेत लोहार पोलादाला ‘पाणी पाजतो’ असे म्हणतात, आणि तेजस्वी माणसाला आपण ‘पाणीदार’ म्हणतो. पाण्यात बुडवल्याने पोलादात पाणी अर्थातच शिरत नाही. शिरतो तो वेग, थंड होण्याचा वेग!

अंधारातील भट्टी

साकाईला लोहारकामाची जुनी परंपरा आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर जपानमध्ये तंबाखू आली आणि तिची पाने बारीक कातरण्यासाठी उत्तम सुऱ्या हव्या झाल्या. साकाईच्या सुऱ्या इतक्या नावाजल्या की तोकुगावा राजवटीने त्यांना खास मुद्रा बहाल केली. पुढे १८७६ मध्ये जपानी सरकारने तलवार बाळगण्यावर बंदी घातली, तेव्हा तलवारी घडवणाऱ्या अनेक लोहारांचे हात सुऱ्या आणि अवजारांकडे वळले. साकाईप्रमाणेच एचिझेन, सेकी, सान्जो आणि तोसा ही ठिकाणेही या कामासाठी प्रसिद्ध आहेत. १९७९ मध्ये एचिझेनच्या आणि १९८२ मध्ये साकाईच्या हत्यारकामाला जपान सरकारने पारंपरिक हस्तकला म्हणून मान्यता दिली. साकाईत एकच माणूस सहसा अख्खी सुरी करीत नाही. पाते घडवणारा वेगळा, त्याला धार लावणारा वेगळा आणि मूठ बसवणारा वेगळा.

पाणी पाजण्याच्या वेळी लोहार कारखान्यात मुद्दाम अंधार करतो. का बरे? पाते ८०० अंशांच्या आसपास तापायला हवे, आणि पुष्कळ लोहार हे तापमान पात्याच्या रंगावरून ओळखतात. तापलेल्या वस्तूचा रंग तिच्या तापमानाबरोबर बदलतो, हे तुम्ही शिकला आहात. उजेडात हा रंग फसवतो. तापमान कमी पडले, तर कार्बन पुरेसा विरघळत नाही आणि धार मऊ राहते. जास्त झाले, तर स्फटिककण मोठे होतात आणि धार ठिसूळ बनते. चूक थोडीच, पण आधीची सगळी मेहनत वाया.

बुडवण्याआधी पात्याला चिखलाचा पातळ लेप देतात. चिखल लावल्यावर पाते हळू थंड होईल, असे तुम्हांला वाटेल, घडते उलटेच. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो, ते तुम्ही पाहिले असेल. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि ती उष्णता अडवते. १७५६ मध्ये लायडेनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने या चमत्काराचे वर्णन केले. उघड्या पात्याभोवतीही अशीच वाफेची गादी जमते आणि कुठे लवकर, कुठे उशिरा थंड होऊन पाते वेडेवाकडे होते. पातळ, खरखरीत लेप ही गादी टिकू देत नाही. लेप जाड दिला, तर मात्र तो खरोखरच पांघरुणाचे काम करतो. म्हणून एकाच पोलादाच्या ‘होन्याकी’ सुऱ्यांत पाठीवर जाड लेप देतात. धार कठीण होते आणि पाठ मऊ राहते.

पाण्यातून निघालेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून ते पुन्हा १५० ते २०० अंशांपर्यंत तापवून काही वेळ तसेच ठेवतात. अडकलेल्या कार्बनपैकी थोडा सुटतो, ताण सैलावतो. थोडा कठीणपणा देऊन थोडा चिवटपणा विकत घेण्याचा हा व्यवहार आहे.

कठीणपणा मोजायचा कसा?

यासाठी रॉकवेल पद्धत वापरतात. हिऱ्याचा शंकू प्रथम थोड्या भाराने धातूवर टेकवतात आणि मग भार १५० किलोग्रॅमपर्यंत वाढवतात. शंकू किती जास्त खोल रुतला ते मोजतात. दर ०.००२ मिलिमीटर खोलीला एक, याप्रमाणे १०० मधून अंक वजा करतात. जपानी कार्बन पोलादाच्या सुऱ्यांचा अंक साधारण ६० ते ६५ असतो. अंक ६२ असेल, तर शंकू किती रुतला? ३८ गुणिले ०.००२, म्हणजे ०.०७६ मिलिमीटर. साधारण आपल्या केसाच्या जाडीइतका! युरोपीय पद्धतीच्या पुष्कळ स्टेनलेस सुऱ्यांचा अंक ५६ ते ५८ असतो. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा, पण त्यामुळे एक सुरी टोमॅटोवर नुसती ओढायची आणि दुसरी करवंटीत पिळली तरी बहुधा निभावून नेणारी.

पुरणपोळीची युक्ती

कठीणपणा आणि चिवटपणा दोन्ही एकदम हवे असतील तर? लोहारांनी त्यावर शतकांपूर्वीच तोड काढली. दोन्ही गुण एका धातूत मिळत नाहीत ना? मग दोन धातू जोडा! कार्बन पोलादाला जपानीत ‘हागाने’ आणि मऊ लोखंडाला ‘जिगाने’ म्हणतात. दोन्ही लालभडक करून, मध्ये टाकणखाराची पूड घालून घणाने ठोकतात. टाकणखार पृष्ठभागावरील ऑक्साइड वितळवून दूर करतो, आणि दोन्ही धातू वितळल्याशिवाय एकजीव होतात.

माझ्या नाकिरीची रचना पुरणपोळीसारखी आहे. मध्ये कठीण पोलादाचे पुरण, दोन्ही बाजूंना मऊ लोखंडाची पारी. फक्त धारेपाशी पुरण बाहेर डोकावते. यानागिबात पोलाद एकाच बाजूला असते, भाकरीवर लोण्याचा थर द्यावा तसे. अशा पात्याला पाणी पाजले, तर मऊ लोखंडात कार्बन जवळजवळ नसल्याने ते मऊच राहते आणि धक्के सोसते. शिवाय धार लावताना दगडावर घासायचा बराचसा भाग मऊ असल्याने श्रमही वाचतात.

टवका उडाला तो पुरणाचा. पारीमुळे पाते दुभंगले नाही. युक्तीने आपले काम चोख केले होते. चूक माझी होती.

गंजाचे काय?

या सुरीचा आणखी एक हट्ट आहे. वापरल्यावर ती लगेच धुऊन कोरडी करावी लागते. ओली ठेवली की तांबडा गंज आलाच. १९१३ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी भरपूर क्रोमियम असलेले, न गंजणारे पोलाद तयार केले. किमान साडेदहा टक्के क्रोमियम असले की पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, अभेद्य पापुद्रा तयार होतो. मग सगळ्याच सुऱ्या तशा का करू नयेत? कारण क्रोमियमला कार्बनची ओढ फार. दोघे मिळून कार्बाइडचे मोठे, कठीण कण तयार करतात. त्यामुळे पात्याला अतिशय बारीक धार आणणे आणि ती दगडावर पुन्हा लावणे जड जाते. धातूच्या पुडीपासून बनवलेल्या अलीकडच्या स्टेनलेस पोलादांनी ही उणीव बरीच भरून काढली आहे. तरीही साध्या कार्बन पोलादाला दगडावर जितकी सहज धार येते, तितकी क्वचितच दुसऱ्याला.

वापरता वापरता या सुरीवर निळसर काळी झाक चढते. ती पाहून घाबरू नका. ती लोखंडाच्या काळ्या संयुगांची असते आणि तांबड्या गंजाला थोडाफार अटकावही करते. आमच्या विळीवर ही झाक मी लहानपणापासून पाहत आलो आहे. आई विळी वापरल्यावर कोरड्या फडक्याने पुसून ठेवते. त्यामागचे रसायन मला आता कळले. तिला त्याचा उपयोग आधीपासून ठाऊक होता.

करून पाहा

हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या समोरच करायचा आहे. डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि हातात चिमटा हवाच. शिवणकामाच्या चार सारख्या सुया घ्या. त्या कार्बन पोलादाच्या असतात.

१. पहिली सुई तशीच ठेवा.
२. दुसरी ज्योतीत लाल करा आणि ज्योतीतून अगदी हळूहळू बाहेर काढून थंड होऊ द्या.
३. तिसरी लाल करून ताबडतोब थंड पाण्यात टाका.
४. चौथी तिसरीप्रमाणेच करा. मग बारीक पॉलिश कागदाने घासून चकचकीत करा आणि ज्योतीच्या बरीच वर धरून, तिच्यावर गवतासारखा पिवळसर रंग येईपर्यंतच तापवा.

आता प्रत्येक सुई फडक्यात गुंडाळून चिमट्याने वाकवून पाहा. कोणती वाकते, कोणती मोडते आणि कोणती वाकून पुन्हा सरळ होते, याची नोंद करा. चौथ्या सुईवरचा पिवळा रंग कुठून आला, याचाही विचार करा. साबणाच्या फुग्यावरील रंगांशी त्याचे नाते आहे, एवढेच सुचवतो.

माझ्या सुरीचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिलेच. पाण्यात भिजवलेल्या दगडावर तीन संध्याकाळी मी ती घासत बसलो. टवक्याची खाच नाहीशी होण्यासाठी साऱ्या धारेवरचे पोलाद तेवढ्याच खोलीपर्यंत उतरवावे लागले. पाते दीड मिलिमीटरने अरुंद झाले. तिसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा टोमॅटोत अलगद उतरली, आणि खोबरे काढायला मी विळीकडे वळलो.

यंदाच्या परीक्षेतही तो प्रश्न मी विचारणार आहे. उत्तर चुकणाऱ्याचे दोन गुण कापताना मात्र हात थोडा थबकेल. कारण याच प्रश्नाला मला मिळालेले गुण घरी मोजपट्टी लावून पाहता येतात: उणे दीड मिलिमीटर!